पावती

कुताइसीच्या बाजारात, मागच्या गल्लीत,
बद्रीच्या दुकानापुढे आई अर्धा तास उभी आहे.
झाडू निवडतेय.
ज्वारीच्या काड्यांचा एकेक उचलते, उलटा धरते,
दोरीचे वेढे मोजते, जमिनीवर दाबून बघते.
"मावशी, झाडू आहे तो," बद्री म्हणतो,
"जावई नाही."

त्याला काय माहीत.
तीस वर्षं तिनं नवा झाडू घेतलेला नाही.

त्स्काल्तुबोच्या जुन्या सॅनेटोरियममध्ये
आमची खोली दोनशे चौदा.
बाहेर संगमरवरी खांब, गॅलरीत कोंबड्या,
नाचाच्या हॉलमध्ये अख्ख्या मजल्याचं धुणं.
ओचामचिरेहून पळून आलेले सगळेच म्हणायचे,
येत्या वसंतात परत.
मग बिऱ्हाडाला कशाला हवा चांगला झाडू?
नानुलीकडचा मागून आणायचा, झाडून झालं की परत.
पुसायला बाबांचा शर्ट. तो विरला की दुसरा.
बाबा गेले तेव्हा एकच धड उरला होता,
तो त्यांच्याबरोबर गेला.

माझ्या हातात यादी, विजेच्या बिलामागे लिहिलेली:
बादली. पोछा. व्हिनेगर. क्लोरीन.
रबरी हातमोजे (आई म्हणाली, हात काय कमी आहेत).
हातोडी, पक्कड, दोन स्क्रूड्रायव्हर.
नळ तुंबला तर लागतं ते रबरी.
"नव्या घराचं काय तुंबणार?"
तरी घेतलं.

संडासाचा ब्रश मात्र तिनं स्वतःच उचलला,
पांढरा, आणि छातीशी धरून राहिली.
तिथे अकरा कुटुंबांत एक संडास होता,
दारावर पाळीचा कागद, आमचा गुरुवार.
"हा फक्त आपला?"
फक्त आपला, आई.
"मग कुठल्याही वारी घासला तरी चालेल."

"केरभरणी?" मी विचारलं.
"आहे की आपल्याकडे."
"कुठे?"
"दारामागे."

कुठलं दार ते मला ठाऊक आहे,
मी त्या वेळी तिच्या पोटात होते तरी.
त्या सकाळी तिनं घर झाडलं होतं,
केर कोपऱ्यात गोळा केला होता,
केरभरणीसाठी हात लांबवला
आणि बाबांनी ट्रकमधून हाक मारली.
घर जळलं की त्यात कोणी राहतं, कळलं नाही कधी.
ती त्याबद्दल बोलत नाही.
केराबद्दल बोलते.
"कोणी आलं असेल घरात, तर काय म्हणाले असतील?
बाई घाणेरडी होती."

चौथा मजला. दोन खोल्या. रंगाचा वास.
आईनं नवा झाडू धरला आणि टोकापासून सुरू केलं.
सिमेंटची भुकटी, तारांचे तुकडे,
गवंड्याची थोटकं, सूर्यफुलाच्या बियांची टरफलं.
कोपऱ्यात बोटभर उंच ढीग.
मग ती थांबली.
मी किटलीच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, "यावर घे."
"राहू दे."

रात्रभर तो केर तिथे होता.
पाणी प्यायला उठले तर
मी त्याला वळसा घालून गेले,
कुणी झोपलंय असं समजून.

सकाळी आई घरात नव्हती.
साडेनऊला आली, हातात लाल केरभरणी,
प्लास्टिकची, पाच लारीची. बद्रीनं चार लावले म्हणे.
गुडघे धरत बसली. दोनदा ओढलं, सगळा केर आत.
राहिली ती शेवटची रेघ,
बारीक धुळीची,
जी कुठल्याच केरभरणीत येत नाही.
ती एक वीत मागे सरकली, पुन्हा ओढलं.
रेघही सरकली.
आणखी मागे. आणखी थोडं.
असं करत दारापर्यंत आली,
आणि मग बोट ओलं करून तिनं ती रेघ टिपली.

लाल प्लास्टिकवर किमतीचं स्टिकर होतं.
मी नखानं काढायला गेले.
"नको काढू," ती म्हणाली,
"आणि पावती जपून ठेव.
परत द्यावी लागली तर."
केरभरणी तिनं दारामागे ठेवली.